भिसेगावच्या ओट्याची निरवानिरव

मी, सोनुबाई, कै. चांगो बडेकर यांची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती व घरकाम, राहणार भिसेगाव, कर्जत, जिल्हा रायगड (माझ्या लग्नात हाच जिल्हा कुलाबा होता, सरकारने नाव बदललं, रस्ते तेच ठेवले), माझं डोकं ठिकाणावर असताना, कोणी दटावलेलं नसताना आणि कोणी गोडीगुलाबीने भुलवलेलंही नसताना, माझ्यामागे माझ्या घरादाराचं काय व्हावं ते सांगून ठेवते. डॉक्टरांनी परवा नाडी पाहिली, आजचा वार विचारला, सध्याचा मुख्यमंत्री कोण ते विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर, वार सांगते. दुसरं मी पेपर बघून सांगीन, सकाळपासून बदलला असला तर?" ते हसले आणि मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे.

लिहून घेतायत सुनीतीबाई, कन्याशाळेतल्या निवृत्त शिक्षिका, आमच्याच आळीच्या. मला चौथीपर्यंतचं वाचता येतं, सहीही येते, पण हात कापतो. त्यांना मी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, शुद्धलेखन तुमचं, राग माझा. राग सुधारायला जाऊ नका." त्या कबूल झाल्या. कायद्याचे शब्द त्यांनी वकिलाला विचारून घातले आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे कोणी दुसरं काढून दाखवलं, तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याला पाणीसुद्धा विचारू नये.

कलम १. हे लिहिण्याची वेळ का आली

गेल्या दिवाळीनंतर एक पेंटर माझ्या ओट्यावर आला. पोरगेला होता, हाताला निळा रंग. म्हणाला, "आजी, जल्मसाल काय तुमचा?"

"कशाला रं?"

"पाटीवर घालाचा हाय."

"कसली पाटी?"

त्याने बिचाऱ्याने सरळ सांगून टाकलं. पाटी अशी: 'कै. सोनुबाई चांगो बडेकर स्मृती जनसंपर्क कार्यालय.' खाली आमदारांचं नाव, माझ्या नावाच्या दुप्पट मोठं. म्हणाला, "दुसऱ्या सालाची जागा मोकली सोडलीया. मंग भरू."

मी त्याला चहा दिला. जन्मसाल सांगितलं नाही. पाटी सध्या माझा पुतण्या गजा याच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी आहे, मी स्वतः जाऊन पाहून आले. अक्षर छान आहे. माझ्या नावामागे जिवंतपणी 'कै.' लागलेलं पाहून आधी मला हसू आलं आणि मग घरी येईपर्यंत असा संताप चढला की मी जेवले नाही.

गजा म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. धंदा: आमदारांच्या मागे उभा राहणे. पेपरात आमदारांचा फोटो आला की त्यांच्या खांद्यामागे अर्धा गजा असतो. आणि आमदार म्हणजे आपले माननीय कमळाकरराव. हे दोघे मिळून माझं घर माझ्या तेराव्यापर्यंत ताब्यात घेणार, असं ठरलेलं आहे. मला कोणी विचारलेलं नाही. ज्याची स्मृती करायची त्याला विचारण्याची पद्धत नसावी.

घर तसं मोठं नाही. मग माझ्याच घरावर डोळा का, ते पुढच्या कलमात सांगते.

कलम २. ओट्याला हा मान कसा चिकटला

सन सत्तावन्नची निवडणूक. तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता, मुंबई राज्य होतं. त्या दिवशी माझ्या नवऱ्याने, चांगोने, बाजारातून नवी बैलजोडी आणायची होती. नवे बैल दारात आले की त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, ओवाळायचं, ही आमची रीत. मी नऊवारी बदलून, तबक घेऊन, निरांजन लावून ओट्यावर उभी. वाट बैलांची.

इतक्यात कचेरीच्या रस्त्याने कान्हा मास्तर आले. शाळामास्तर, गरीब माणूस, उमेदवारीचा अर्ज भरायला चालले होते. बरोबर पाचसहा मंडळी आणि एक ताशेवाला. त्यांनी मला तबक घेऊन उभी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. ओट्यावर चढले, टोपी सारखी केली, मान खाली घालून उभे राहिले. आता दारात आलेल्या माणसाला "मास्तर, बाजूला व्हा, बैल यायचेत" असं कसं सांगायचं? मी ओवाळलं. बैलांसाठी ठेवलेला गूळ त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो खाल्ला.

मास्तर निवडून आले. सगळ्या तालुक्याने सांगितलं होतं की पडणार, आणि आले. भाषणात त्यांनी सांगितलं, "एका शेतकरी माउलीने मला न सांगता, न मागता ओवाळलं, तेव्हाच मी जिंकलो." झालं! तेव्हापासून कर्जत-खालापुरात ज्याला आमदारकीचे डोहाळे लागतात, तो अर्ज भरायला जाताना माझ्या ओट्यावरून जातो.

बैल त्या दिवशी ताशाला बुजून उधळले आणि संध्याकाळी सापडले. त्यांना ओवाळायचं राहिलं ते राहिलंच.

मास्तर माणूस भला. मुंबईला गेले ते एक पिशवी घेऊन, परत आले ते तीच पिशवी घेऊन. सभागृहात एकदाच बोलायला उभे राहिले, भिवपुरीकडच्या ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, मागायला. "अध्यक्ष महाराज" म्हणाले आणि वेळ संपला. पुढच्या निवडणुकीला मी त्यांना बैलांची खरी गोष्ट सांगून टाकली. मला वाटलं, रागावतील. ते खोखो हसले. म्हणाले, "सोनुबाई, तरीच. मला पाच वर्षं वाटत होतं, गूळ जरा खरखरीत कसा?" त्या खेपेला त्यांनी ओवाळून घेतलं नाही आणि ते पडले. लोकांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. ओट्याचा भाव आणखी वाढला.

सदुसष्टला तिघे एकाच सकाळी आले. एक पुढून, एक मागल्या दाराने, एक विहिरीकडून, काट्यांतून. मी तिघांना ओवाळलं. तीन उमेदवार आणि जागा एक, म्हणजे दोघे पडणारच. पण पडलेले दोघे माझ्यावर खवळले. एकाने तर विचारलं, "माझ्या वेळेला वात नीट पेटली होती का?" मी म्हटलं, "वात पेटली व्हती, मतदार पेटले नसतील."

कलम ३. माझ्या कपाळाविषयी

एकाहत्तरला चांगो गेले. ज्या बाया माझ्या हातचा तिळगूळ धावत येऊन घ्यायच्या, त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. ज्या गजाला मी न्हाऊमाखू घातलं, त्याच्या लग्नात मला मागच्या पडवीत भाज्या चिरायला बसवलं. नवरीसमोर येऊ नको म्हणाले. मी आले नाही. भाज्या चिरल्या. त्या दिवशी मी जे रडले ते कांद्याच्या नावावर खपलं.

आणि वर्षभरात आली बहात्तरची निवडणूक. आता तुम्ही सांगा, विधवेने ओवाळलं तर अपशकुन. पण या विधवेने ओवाळलं नाही तर सीट जाते! चार दिवस पक्षाच्या मंडळींच्या बैठका चालल्या. शेवटी त्यांचे उमेदवार गोपाळकृष्ण वकील, गावातलं शिकलेलं घर, मोठा विद्वान माणूस, मागल्या दाराने आले. म्हणाले, "सोनुबाई, शास्त्र आपल्या ठिकाणी, निवडणूक आपल्या ठिकाणी. मध्यम मार्ग काढू."

मध्यम मार्ग असा: तबक धरायला पुढे एक सवाष्ण उभी करायची. मी तिच्या मागे, दाराआड. माझे हात तिच्या काखेतून पुढे. म्हणजे शास्त्राला दिसणार ती, आणि निवडणुकीला लागू होणार मी. त्या बाईला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि निरांजन वकिलांच्या उपरण्यावर कलंडलं. थोडं जळलं. वकील म्हणाले, "अग्नीने आहुती घेतली." निवडून आले. त्यानंतर मात्र कोणी सवाष्ण आणली नाही. निकाल लागला की शास्त्र आपोआप सुधारतं, हे मी पाहिलेलं आहे.

तेव्हापासून माझी गत अशी: आळीतल्या पोरीच्या बारशाला मी अपशकुनी, आणि राज्याच्या विधानसभेला शुभ.

महिला वर्षात याच ओट्यावर सभा झाली. विषय 'अबलांचा उद्धार'. वक्ते पाच, पाचही पुरुष. मला आणि माझी सून जया हिला आत बसवलं, चहा करायला. उद्धार दारातून ऐकू येत होता.

कलम ४. घर, ओटा व जया

माझं भिसेगावातलं घर, पुढच्या ओट्यासह, मागच्या परसासह, विहीर, फणस व पडवीसह, जे माझ्या नवऱ्याने रीतसर खरेदीखत करून माझ्या नावावर घेतलं व ज्याची मी एकटी पूर्ण मालक आहे, ते सगळं, काही मागे न ठेवता, माझी सून जया, माझा एकुलता एक मुलगा कै. धर्मा याची विधवा, हिला मालकी हक्काने मिळावं. ते तिने राहावं, भाड्याने द्यावं, विकावं, तिची मर्जी.

आणि ठळक अक्षरात लिहा असं मी सुनीतीबाईंना सांगितलं आहे: जयाने पुन्हा लग्न केलं, पाट लावला, माझ्या हयातीत लावला किंवा माझ्यामागे लावला, तरी घर तिचंच.

हे मुद्दाम का लिहिते ते ऐका. आणीबाणीच्या साली धर्मा काविळीने गेला. जया तेव्हा पंचविशीत. मूलबाळ नाही. माहेरी गेली नाही. म्हणाली, "आत्या, तुमाला बगंल कोन?" ओट्याच्या कोपऱ्यात शिवणयंत्र टाकलं आणि दोघींचं पोट त्यावर चाललं. आता लोधिवलीचा शुक्रा म्हणून एक टेंपोवाला आहे. बिजवर, हसरा, दारू पीत नाही. कापडाचे गठ्ठे पोचवायला येतो. पहिल्यांदा गठ्ठा ठेवून जायचा. मग पाणी मागायला लागला. मग गठ्ठा नसतानाही यायला लागला. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

मी जयाला विचारलं, "तुजा जीव हाय का त्याच्यावर?"

ती यंत्र चालवत राहिली. म्हणाली, "आत्या, असून काय करू? गजाभावजी सांगून गेल्यात. पाट लावलास तर अंगावरच्या लुगड्यानिशी चालती हो म्हणाले."

मी वकिलाकडे गेले (ते उपरणंवाले नव्हेत, दुसरे). वाटलं, गजा दमदाटी करतोय. वकील म्हणाले, तो कायदाच सांगतोय. मी काही न लिहिता मेले आणि त्या दिवशी जया माझ्या मुलाची विधवा म्हणूनच घरात असेल, तर घर तिला. पण माझ्या मरणाआधी तिने दुसरं लग्न केलेलं असेल, तर तिचा हक्क संपला आणि घर दिराच्या मुलाकडे, गजाकडे. म्हणजे शुक्राबरोबर संसार मांडायला तिने आधी माझ्या मरणाची वाट पाहायची! असली वाट माझी जया पाहणार नाही आणि मीही तिला पाहायला लावणार नाही. हा कायदा दिल्लीला झाला. तो करणारे अर्ज भरायला निघाले तेव्हा त्यांना कोणी ओवाळलं होतं ते मला ठाऊक नाही, पण ती बाई विधवा नसणार.

मग मी कमळाकररावांना गाठलं. म्हटलं, "कमळ्या, गजाला एक शब्द सांग. जयाला छळू नको म्हणावं." ते म्हणाले, "सोनूकाकी, ही घरगुती बाब. मी धोरणात्मक प्रश्न बघतो." आणि तिथेच, माझ्या ओट्यावर बसून, त्यांनी टेप काढून गजाकडून ओट्याची लांबीरुंदी मोजून घेतली. खुर्च्या किती मावतील ते बघत होते.

जया, हे कलम तुला वाचून दाखवलं तेव्हा तू रडलीस. पुरे झालं. येत्या वैशाखात पाट लाव. मी जिवंत असले तर तबक मी धरीन, पुढे कोणी सवाष्ण उभी करायची नाही. नसले तर सुनीतीबाईंनी धरावं. त्या कधी लग्नच न केलेल्या आहेत, शास्त्राला त्यांचं काय करावं ते सुचेपर्यंत विधी उरकून जाईल.

कलम ५. शेतजमीन व गजा

भिवपुरीकडची माझी भातजमीन माझा पुतण्या गजा यास द्यावी. मी त्याला मांडीवर खेळवलंय. तापात असताना उशाशी बसले आहे. रक्ताचा आहे, त्याला कोरडं ठेवावं असं मला वाटत नाही.

या जमिनीला जायला रस्ता नाही. ओढ्यावर साकव नाही. पावसाळ्यात लावणीची माणसं कमरेएवढ्या पाण्यातून जातात आणि रोपांच्या मुठी डोक्यावरून नेतात. रस्ता आणि साकव दोन्ही मंजूर आहेत. प्रत्येक आमदाराच्या वेळी नव्याने मंजूर होतात. नारळ फुटलेले आहेत, त्यांचं खोबरं मी खाल्लेलं आहे. आजवर रस्ता मागायला मी जायचे आणि गजा सांगायचा, "काकी, प्रक्रिया चालू हाय." आता त्याने मालक म्हणून मागावा आणि त्याला कोणीतरी प्रक्रिया सांगावी.

जमीन किमान तीन पावसाळे स्वतः कसल्याशिवाय त्याने विकू नये. स्वतः म्हणजे गुडघ्यावर धोतर घेऊन, बांधावर उभं राहून नव्हे.

कलम ६. बारीकसारीक वस्तू

कान्हा मास्तरांना चांगोंची आरामखुर्ची. मास्तर अजून आहेत, शाळेच्या पायरीवर बसलेले असतात. पायरी गार असते, त्यांचे गुडघे दुखतात.

शेजारीण अंबाबाई हिला माझा भिंतीवरचा आरसा. सकाळी मी समोर आले की ती वाट बदलायची, मुलाच्या परीक्षेला मात्र "सोनूताय, पोराच्या डोक्यावर हात ठेव गं" म्हणत मागल्या दाराने आणायची. मी दर वेळी हात ठेवला. पोरगं दोनदा नापास झालं, त्याचा दोष माझ्या हाताला देऊ नये.

माननीय कमळाकररावांना एक गोधडी. हिची हकीकत अशी. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे झेंडे जयाच्याच यंत्रावर शिवले जातात. उरलेल्या तुकड्यांची तिने माझ्यासाठी गोधडी केली. त्यात सगळे पक्ष आहेत. कमळाकरराव सात वर्षांत तीन पक्ष फिरले. दर वेळी नव्याने ओवाळून घ्यायला आले, कारण जुन्या पक्षातलं औक्षण नव्या पक्षाला लागू होतं की नाही अशी त्यांना शंका. ही गोधडी पांघरली की कुठल्याही कुशीवर वळले तरी ते स्वतःच्याच पक्षात राहतील. लहानपणी तो माझ्या परसातले फणस चोरायचा, पकडला की "सोनूकाकी, खाली पडलेला व्हता" म्हणायचा. तेव्हा मला तो आवडायचा. खोटं बोलताना लाजायचा.

पितळी तबक जयाला. त्याने बाळ ओवाळ, बैल ओवाळ, शुक्राचा टेंपो ओवाळ. उमेदवार ओवाळू नये. हा माझा हुकूम समजावा.

कलम ७. माझ्यामागे काय करू नये

शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर तिथे आमदाराने बोलू नये. माजी, आजी, भावी, तिघांनीही. 'पोकळी निर्माण झाली' असं कोणी म्हणू नये. पोकळी नाही, तिथे जया राहणार आहे.

अंत्ययात्रेत ताशा नको. निवडणूक असेल त्या दिवसांत मेले तर लाउडस्पीकर लावलेल्या गाडीमागून मला नेऊ नये, नाहीतर लोक मलाच मत देतील.

दहाव्याला कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून मोकळे व्हा. "इच्छा राहिली" असं म्हणून कोणी ओट्यावर कार्यालय काढण्याचा संकल्प सोडू नये. माझी इच्छा कलम चारमध्ये आहे.

कलम ८. अंमलबजावणी व साक्षीदार

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम सुनीतीबाईंकडे. आजच दुपारी त्या रजिस्ट्रारकडे जाऊन नोंदणीची व्यवस्था करणार आहेत.

कायद्याने दोन साक्षीदार लागतात. ते मिळवताना माझा जीव मेटाकुटीला आला. डॉक्टर म्हणाले, "दाखला देतो, साक्षीला नको, माझी बदली आमदारसाहेबांच्या हातात आहे." अंबाबाईच्या नवऱ्याचं रेशनचं दुकान, त्याचा परवाना साहेबांच्या हातात. देवळाच्या पुजाऱ्याने तर नुसतं पोथीत तोंड घातलं. मास्तर तयार होते, पण त्यांना आता नीट दिसत नाही, आणि वकील म्हणाले की कोर्टात तेवढ्यावरून साक्ष उडवतील. सगळ्यांना एकच भीती: उद्या कमळाकरराव आणि गजा उलटले तर?

सुनीतीबाई हताश झाल्या. म्हणाल्या, "सोनुबाई, या दोघांना न घाबरणारी माणसं कर्जतात आणायची कुठून?"

मी म्हटलं, "बाई, त्या दोगांना न घाबरणारी दोनच मानसं हायत. ते दोगं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग वकिलाला विचारून आल्या. वकील म्हणाले, साक्षीदाराने मृत्युपत्र वाचलंच पाहिजे असं नाही. मृत्युपत्र करणारीने त्याच्यासमोर सही करावी, त्याने ती पाहावी आणि आपली सही तिच्यासमोर करावी, एवढं पुरे; गजाला जमीन मिळते म्हणून आपल्या कायद्यात त्याची साक्ष बाद होत नाही. आणि आपणच ज्यावर साक्ष घातली तो कागद खोटा आहे, असं उद्या कोर्टात कोणत्या तोंडाने सांगणार?

आज कमळाकरराव अर्ज भरायला निघणार आहेत. हे कलम लिहीत असताना बाहेर ताशा वाजायला लागला आहे. गजा दोनदा डोकावून गेला, "काकी, तबक तयार हाय ना? म्हूर्त टळंल." तबक तयार आहे. मी कमळाकररावांना म्हणणार, "कमळ्या, आधी एक कागद हाय, तुजी नि गजाची सही पायजे. मग ओवाळते." त्याने विचारलं की हा कागद कसला, तर मी खरं तेच सांगणार. मरणाच्या दारात खोटं बोलायचं नाही. त्याने वाचायला घेतला, तर वाचू देणार. वाचून तो तसाच निघून जाईल, ओवाळून न घेता, आणि मग घर जाईल, जयाचा वैशाख जाईल. एवढा धोका मी पत्करला आहे. जया दाराआड उभी आहे, निरांजनाची वात तिने तिसऱ्यांदा पुढे सारली.

तिला मी म्हटलं, "भिऊ नको गं. मी याला सात वर्षं आमदार म्हणून बघते आणि त्याच्या आधी पोर म्हणून. सहीच्या वरचं वाचायची त्याला कंदी सवय नाय."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून घेऊन व समजून केलं आहे.

ठिकाण: भिसेगाव, कर्जत
दिनांक: ८ फेब्रुवारी १९८५, शुक्रवार

सही: सोनुबाई चांगो बडेकर

लिहिणार: सुनीती, निवृत्त शिक्षिका, भिसेगाव

साक्षीदार १. सही: कमळाकरराव, विधानसभा सदस्य
(सहीवर स्वहस्ते शेरा: "अर्जदार बाई माझ्या चांगल्या परिचयाच्या असून अत्यंत गरजू आहेत. त्यांची मागणी रास्त आहे. ती विनाविलंब मंजूर करण्यात यावी.")

साक्षीदार २. सही: गजा बडेकर
(सहीखाली: "साहेबांशी सहमत.")